शहराध्यक्ष एवढा ढिला का असतो? एबी फॉर्मपासून समजून घेऊ

गेले काही महिने कुणाशीही बोला, पक्ष कुठलाही असो, रडगाणं एकच. पक्ष चांगला आहे हो, वरचे नेतेही बरे आहेत, पण आमच्याकडचं नेतृत्व अगदीच पुळचट. शहराध्यक्ष फोन उचलत नाही, उचललाच तर "बघतो, वर बोलतो" म्हणतो, आणि आंदोलन म्हणजे तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो, त्यात कागद एक आणि त्याला हात लावणारे सतरा. बहुतेक नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं, महापालिकांचं १५ जानेवारी २०२६ ला, आणि इतकी वर्षं रखडलेल्या या निवडणुकांच्या निमित्ताने हा सगळा वैताग एकदम वर आला.

मी कुठल्या पक्षात नाही. पण माझा एक मावसभाऊ बारा वर्षं एका पक्षाच्या सतरंज्या उचलतोय, त्यामुळे घरबसल्या बरंच काही कळतं. आणि जितकं कळत गेलं तितकं मला वाटायला लागलं की आपण शिव्या देतो माणसाला, पण घोळ आहे खुर्चीत. ती खुर्चीच अशी बनवलीय की बसणारा ढिलाच दिसणार. कसं ते बघू.

हा माणूस येतो कुठून

एक सोपं उदाहरण घ्या. सोसायटीचा सेक्रेटरी असतो, त्याला सभासद निवडून देतात, काम नाही केलं तर पुढच्या वेळी घरी बसवतात. आणि दुसरा असतो बिल्डरने नेमलेला मॅनेजर. पाणी आलं नाही की लोक त्याच्याच दारात जातात, पण त्याचा पगार बिल्डर देतो, त्याला काढणारही बिल्डर. मग तो लोकांचं ऐकून घेईल, मान डोलवेल, आणि करेल बिल्डर सांगेल तेच. आपले बहुतेक तालुकाध्यक्ष, शहराध्यक्ष, जिल्हाध्यक्ष हे दुसऱ्या प्रकारातले.

आता कागदावर तसं नसतं. प्रत्येक पक्षाची स्वतःची घटना असते, म्हणजे पक्ष कसा चालेल याची नियमावली, आणि पक्षाची नोंदणी होताना निवडणूक आयोग त्यात अंतर्गत निवडणुकीची तरतूद आहे का ते बघतो. ही नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली होते, हे कलम १९८९ पासून लागू आहे. पण गंमत अशी की त्या कलमात अंतर्गत निवडणुका घ्याच असं कुठे लिहिलेलं नाही, आणि कुणी त्या घेतल्या नाहीत म्हणून आयोग नोंदणी रद्दही करू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून टाकलं की काही अपवाद सोडले तर तो अधिकार आयोगाला नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करा अशी शिफारस केली होती. पाव शतक उलटून गेलं, अहवाल आहे तिथेच आहे.

त्यामुळे प्रत्यक्षात काय होतं तर बैठक बोलावली जाते, "नियुक्तीचे सर्वाधिकार प्रदेशाध्यक्षांना" असा एकमताने ठराव होतो, टाळ्या, चहा, संपलं. मोजून मतं पडली अशी मोठी निवडणूक आठवायची तर काँग्रेसची २०२२ ची, खर्गेंना ७,८९७ आणि थरूरांना १,०७२. पण तीही राष्ट्रीय अध्यक्षपदाची. तालुक्याला मतपेटी लागल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

एबी फॉर्म म्हणजे नेमकं काय

बातम्यांत हा शब्द रोज येतो, आणि बहुतेकांना तो एकच कागद वाटतो. दोन आहेत. ए फॉर्म म्हणजे पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवायचा अधिकार अमुक माणसाला आहे आणि ही त्याची सही. बी फॉर्म म्हणजे त्या माणसाने सही करून दिलेलं नाव, की हा आमचा अधिकृत उमेदवार, याला चिन्ह द्या.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर ए फॉर्म हा सहीचा नमुना आणि बी फॉर्म हा चेक. चेकवर नाव कुणाचं ते सही करणारा ठरवणार. आणि शहराध्यक्ष कोण? तर दुकान उघडणारा, झाडू मारणारा, गिऱ्हाईकाशी गोड बोलणारा, पण चेकबुक त्याच्याकडे नाही. सही बहुतेक वेळा जिल्ह्याच्या किंवा प्रदेशाच्या माणसाची, आणि तो सही कुणाच्या सांगण्यावरून करतो हे सगळ्यांना माहीत असतं.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. नोव्हेंबरातला अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनची वेळ. मावसभावाने आग्रह केला म्हणून मी पण निवडणूक कार्यालयाबाहेर उभा. शहराध्यक्षांकडे एक स्पायरल वही होती, त्यात प्रभागवार इच्छुकांची नावं, कोण किती मतं आणेल, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणी पक्षनिधी भरला, सगळं निळ्या पेनने लिहिलेलं, दीड महिना मुलाखती घेऊन केलेली मेहनत होती ती. दोन वाजून गेले तरी फॉर्म नाहीत. "गाडी निघालीय" एवढंच. पावणेतीनला एक पांढरी गाडी आली, त्यातून एक मुलगा उतरला, हातात पाकीट, तो अध्यक्षांकडे न येता सरळ एका माणसाकडे गेला जो आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आला होता. शहराध्यक्ष तिथेच, चार फुटांवर. ते पुढे झाले, हसले, त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली आणि फोटो काढला. वही काखेत होती.

घरी येताना मावसभाऊ त्यांना नेभळट वगैरे म्हणत होता. मी विचारलं, तू त्यांच्या जागी असतास तर काय केलं असतंस? तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, फोटोच काढला असता.

आमदाराला दणकट शहराध्यक्ष का नको असतो

इथे खरी मेख आहे. आपल्याला वाटतं पक्षाला ताकदवान स्थानिक नेता हवाच असणार, संघटना वाढेल, मतं वाढतील. पक्षाला हवा असेलही. पण पक्ष म्हणजे गावात कोण? तर तिथला आमदार, किंवा गेल्या वेळी पडलेला उमेदवार, किंवा पालकमंत्र्यांचा खास माणूस. आणि आज शहरात ज्याचं नाव होतं तो पाच वर्षांनी विधानसभेचं तिकीट मागतो, हे गणित त्यांना पाठ असतं. मग अध्यक्ष असा हवा जो गर्दी जमवेल पण गर्दीचा होणार नाही.

पैशाचा रस्ताही तसाच. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, ठेके, शिफारशी, बदल्या सगळं तिकडून हलतं. शहराध्यक्षाकडे काय? लेटरहेड. गटारावरची जाळी बदलायची म्हटलं तरी त्याला आमदाराच्या पीएला फोन करावा लागतो, आणि पीए त्याला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सांगतो, जे तो आपल्याला सांगतो. म्हणजे आपण ज्याला टोलवाटोलवी म्हणतो ती वरून आलेली असते, तो फक्त पुढे ढकलतो.

त्यात मधली वर्षं अशी गेली की शिडीच काढून घेतली. २०१७ ला निवडून आलेल्या बहुतेक महापालिकांची मुदत २०२२ ला संपली, मुंबईची मार्चमध्येच संपली, आणि मग ओबीसी आरक्षणाचा वाद, त्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, एका प्रभागात नगरसेवक तीन की चार यावरून प्रत्येक सरकारने फिरवलेले निर्णय, यात सगळं कोर्टात अडकलं. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. तोपर्यंत प्रशासक. प्रशासकाच्या काळात नगरसेवकच नाहीत, म्हणजे वॉर्डातलं काम करून नाव कमवायची सोयच नाही.

हे फार मोठं नुकसान आहे आणि यावर कुणी बोलत नाही. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून वर आले, फडणवीस १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी नागपूरचे महापौर झाले, एकनाथ शिंदे ठाण्यात नगरसेवक होते. माणूस आवडो न आवडो, शिकले सगळे खालच्याच शाळेत. ती शाळा तीन-चार वर्षं बंद ठेवायची आणि मग म्हणायचं की मुलांना पाढे येत नाहीत!

पक्ष फुटतो तेव्हा तालुकाध्यक्षाची किंमत कळते

शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली. धनुष्यबाण कुणाचा हे ठरवताना आयोगापुढे तीन कसोट्या होत्या, साध्या भाषेत सांगायचं तर पक्षाचं ध्येय, पक्षाची घटना, आणि बहुमत कुणाकडे. हे निकष सादिक अली खटल्यापासून, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलेत. ठाकरे गटाकडून पदाधिकाऱ्यांची, कार्यकर्त्यांची लाखोंनी प्रतिज्ञापत्रं गेली, गावोगावी स्टॅम्प पेपर घेऊन लोक रांगेत उभे होते ते आठवत असेल. आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निकाल आला तो आमदार-खासदारांच्या संख्येवर. ५५ पैकी ४० आमदार शिंदेंकडे, विषय संपला.

संघटनेतलं बहुमत आयोगाने का नाही धरलं? कारण दोन्ही बाजूंचे आकडे त्यांना समाधानकारक वाटले नाहीत, आणि पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही असं म्हटलं, पदाधिकारी निवडलेले नाहीत तर नेमलेले. तुम्हाला निकाल पटो न पटो, पण त्यातलं हे एक वाक्य नीट बघा. वर्षानुवर्षं नेमणुका करून संघटना मुठीत ठेवली, आणि ज्या दिवशी संघटनेच्या जोरावर उभं राहायची वेळ आली त्या दिवशी ती मोजायलाच घेतली नाही. राष्ट्रवादीचा निकाल ६ फेब्रुवारी २०२४ ला आला, तिथेही काटा आमदारांच्याच संख्येवर फिरला.

म्हणजे खालचा पदाधिकारी नेमलेला ठेवणं वरच्यांना सोयीचं असतं, पण ती सोय फुकटची नाही.

"पण काही गावांत तर वाघासारखे नेते असतात की"

असतात. पण नीट बघा, त्यांची ताकद पक्षातून आलेली नसते. कुणाकडे साखर कारखाना, कुणाकडे दूध संघ, कुणाच्या घरात जिल्हा बँक, कुणाची शिक्षण संस्था. कारखान्याचा चेअरमन ऊस नेतो, बँक कर्ज देते, संस्था नोकरी लावते, आणि या तीन गोष्टी ज्याच्या हातात त्याला कुठल्याही पक्षाचं लेटरहेड पुरतं. म्हणून तर असा नेता पक्ष बदलतो तेव्हा अख्खा तालुका बदलतो, बोर्ड तेच, झेंडा वेगळा. त्याला पक्षाचं स्थानिक नेतृत्व म्हणायचं की पक्ष त्याचा भाडेकरू म्हणायचा हे तुम्हीच ठरवा.

"केडरवाल्या पक्षात असं नसतं"

थोडं खरं आहे. जिथे बूथप्रमुख, मंडल अध्यक्ष, शाखा अशी खालपर्यंत साखळी आहे तिथे निदान यादी असते, बैठका होतात, कुणाला काय काम ते माहीत असतं. डाव्यांकडेही ही शिस्त आहे, माणसं कमी असली तरी. पण साखळी असणं वेगळं आणि साखळीला विचारणं वेगळं. इनकमिंग सुरू झालं की वीस वर्षं बूथ सांभाळणारा बाजूला आणि कालपर्यंत ज्याच्या विरोधात पत्रकं वाटली तोच उमेदवार, हे यावेळी कुठल्या पक्षात झालं नाही ते सांगा. निष्ठावंत हा शब्द आता फक्त नाराज या शब्दाबरोबरच येतो.

"मग अंतर्गत निवडणुका सक्तीच्या करा, प्रश्न मिटला"

मलाही असंच वाटायचं. पण सहकारी संस्थांच्या निवडणुका ज्याने जवळून पाहिल्यात त्याला माहिती आहे की सभासद कोण हे ज्याच्या हातात, निवडणूक त्याच्या हातात. पक्षाची सदस्य नोंदणी आजही कशी होते? पुस्तकंच्या पुस्तकं एकजण घेतो, मतदार यादी समोर ठेवून नावं भरतो, पैसे स्वतः भरतो. आता मिस्ड कॉल आहे, तर एका माणसाने दोन-तीन पक्षांना दिलेला असतो. अशा यादीवर मतदान घेतलं तर नेमलेल्या अध्यक्षाऐवजी विकत घेतलेला अध्यक्ष मिळेल. निवडणूक हवीच, पण आधी यादी खरी हवी, आणि यादी खरी करणं हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा फ्लेक्स लागत नाही.

"म्हणजे शहराध्यक्ष बिचारा, त्याची काही चूक नाही?"

नाही नाही, तसं अजिबात नाही. तिकीट त्याच्या हातात नाही, पैसा नाही, मान्य. पण काही कामं अशी असतात ज्याला कुणाची सही लागत नाही, आणि मला राग येतो तो तिथे.

प्रभाग रचनेचा मसुदा जाहीर होतो, म्हणजे कुठली गल्ली कुठल्या प्रभागात याचा नकाशा. त्यावर हरकती घ्यायला मोजके दिवस असतात. मग मतदार यादी येते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागवार फोडतो, यावेळी १ जुलै २०२५ ची यादी वापरली. त्यामुळे या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही, पण तुमचं घर या प्रभागात आणि नाव पलीकडच्या प्रभागात गेलं असेल तर हरकत घेऊन दुरुस्त होतं. दुबार नावांचंही तसंच, संशयास्पद नावांपुढे दोन स्टार टाकले होते, ती यादी कुणीही बघू शकत होतं.

आमच्या भागातली एक अख्खी चाळ शेजारच्या प्रभागात गेली होती. माझं नावही त्यात. मी छापील यादी घेऊन बसलो, घरनंबरावर बोट ठेवत ठेवत गेलो, अठ्ठेचाळीस नावं मिळाली. मावसभावाच्या पक्षाच्या कार्यालयात गेलो, म्हटलं तुमचेच मतदार आहेत, हरकत घ्या. तिथे शहराध्यक्ष होते, टेबलावर तीच यादी होती, गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. म्हणाले, "आपण यावर तीव्र आंदोलन छेडू." अहो आंदोलन कशाला, अर्ज करायचाय! मुदत उद्या संपतेय! शेवटी चाळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने आणि मी बसून अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या, नेऊन दिला, आणि नावं परत आली. दोन संध्याकाळी गेल्या, खर्च झेरॉक्सचा.

याला अधिकार लागत नाही, बूड टेकवून बसावं लागतं. वरून ताकद मिळत नाही म्हणून रडणाऱ्याने निदान ही सुतळी तरी सोडावी. कारण हेच काम ज्याने केलं, ज्याच्याकडे गल्लीगणिक खरी यादी आहे, त्याला वरचेही जरा घाबरून असतात, पाकीट घेऊन येणारी गाडी मग त्याला एकदा फोन तरी करते.

"मतदाराने काय करायचं मग?"

फार मोठी यादी नाही माझ्याकडे. ग्रामपंचायत असेल तर तिथे पक्षाचं चिन्हच नसतं, निकालानंतर सगळे पक्ष तेच तेच सरपंच आपले म्हणून मोजतात हा भाग वेगळा, पण निवड माणसाची होते. नगराध्यक्ष आता थेट जनतेतून आहे, तिथेही माणूस बघता येतो. आणि सगळेच नकोसे वाटले तर महाराष्ट्रात एक वेगळा नियम आहे जो अनेकांना माहीत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. विधानसभा-लोकसभेला असं नाही, तिथे नोटा फक्त मोजला जातो. तेवढी मतं नोटाला पडणं अवघड आहे हे मलाही कळतं. पण तिकीट वाटणाऱ्याला मतदार हे बटण दाबू शकतो हे माहीत असलेलं बरं.

दुसरं, प्रचाराला कुणी आलं की रस्ता-गटार विचारायच्या आधी एक विचारा, तुमचं तिकीट कुणी ठरवलं आणि आमच्या वॉर्डातल्या किती जणांना विचारलं? मी तिघांना विचारलं. दोघे हसले, एकजण म्हणाला, "काका, तुम्ही पत्रकार आहात का?"

आता ताजी खबर. त्या वहीवाल्या अध्यक्षांना निवडणुकीनंतर काढलं, पराभवाची जबाबदारी म्हणून, ज्या उमेदवारांत त्यांनी एकही निवडला नव्हता त्यांच्या पराभवाची. आणि त्यांच्या जागी कोण? आमचा मावसभाऊ. पत्र दाखवायला घरी आला होता. "आपली नियुक्ती करण्यात येत आहे" वगैरे, खाली कालावधी या शब्दापुढे "पुढील आदेशापर्यंत". मी म्हटलं, घेऊ नकोस, किंवा घेतलंस तर आधी वॉर्डावॉर्डाची खरी यादी करायला बस. तो म्हणाला, बरोबर आहे तुझं, बघतो, वर बोलतो.

फ्लेक्स त्याच रात्री चौकात लागला. खाली उजव्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून माझाही फोटो आहे, मला न विचारता टाकलेला.